पांढऱ्या गणवेशातली आजी

अर्नेस्टीनने हॉस्पिटलातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीचं काचेचं दार खांद्याने ढकललं आणि डोक्यावरची पांढरी टोपी सावरत ती नातीच्या उबेच्या काचपेटीशी आली. चर्च सुटल्यावर कपडे बदलायला तिला सवड झाली नव्हती. अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश, पायात पांढरे बूट, छातीवर ‘नर्स’ असा पितळी बिल्ला. मेम्फिसमधल्या त्यांच्या चर्चमध्ये गाणं रंगात आलं की कुणाच्या अंगात येतं, कुणी धाडकन कोसळतं. त्यांना सावरायचं, वारा घालायचा, हे काम चर्चच्या या नर्सांचं. इंजेक्शन द्यायला सांगितलं असतं तर अर्नेस्टीन स्वतःच कोसळली असती.

"आई, काय गं हा अवतार!" रोशेल हसली.

"हसू नकोस. आज चर्चमधल्या त्या जाड्या कारभाऱ्याला, डिकनला, झेललंय. कंबर गेली माझी. ज्युबिली कशी आहे?"

"मस्त. आता नाकाशी तेवढी नळी. वजनही वाढतंय."

पेटीच्या भोकातून आत घातलेलं रोशेलचं बोट ज्युबिलीने झोपेतही घट्ट धरलं होतं. तिचा आख्खा पंजा त्या बोटाच्या एका पेरावर मावत होता.

"छातीशी घेतलंस का मग?"

"नंतर बघू म्हणतात."

पलीकडच्या खुर्चीत एक गोरी आई शर्टाची बटणं सोडून रेलली होती आणि तिचं पिल्लू तिच्या उघड्या छातीवर निवांत झोपलं होतं. तेही ज्युबिलीएवढंच, नाकाला तसलीच नळी. ती रोज दुपारी अशी बसायची. अर्नेस्टीनने तिकडे पाहिलं, मग लेकीकडे. रोशेलने पेटीवरची नजर हलवली नाही.

तेवढ्यात डॉक्टर पार्सन्स आले. गोरा, कोवळा पोरगा, याच महिन्यात रुजू झालेला. पांढरी टोपी दिसताच त्याची पाठ आपोआप ताठ झाली. इथल्या नर्सा निळ्या कपड्यांत असतात. ही कुणीतरी जुनी, बडी सिस्टर असणार, असं तो धरून चालला.

"नमस्कार, मॅडम."

"हे बाळ आईच्या छातीशी का दिलं नाही अजून?" डिकनला दटावायच्या आवाजात अर्नेस्टीनने विचारलं.

पार्सन्सने पडद्यावरचे आकडे पाहिले, मग पुन्हा पाहिले.

"तसं... कारण काहीच दिसत नाही."

"मग?"

"आत्ता देऊ, मॅडम!"

निळ्या कपड्यांतली नर्स आली, नळ्या सावरल्या, आणि ज्युबिली रोशेलच्या छातीवर आली. बाळाने गाल घासला, एकदा कुरकुर केली आणि शांत झालं. रोशेल हसत होती आणि डोळे वाहत होते. अर्नेस्टीनला तर इतका आनंद झाला की तिलाच कुणीतरी वारा घालायला हवा होता.

पार्सन्सही खुशीत वाकला आणि बिल्ल्यावरची खालची बारीक अक्षरं त्याने वाचली: चर्चचं नाव होतं. तो लाल झाला.

"तुम्ही इथल्या नाही?"

"मी कुठे म्हटलं इथली आहे म्हणून? मी हिची आजी."

"पण आईने आम्हाला नुसतं विचारलं असतं, तरी—"

"विचारलं होतं," रोशेल म्हणाली. बाळ जागं होऊ नये म्हणून तिने आवाज चढवला नाही. "परवा. तुम्हालाच."

पार्सन्सने खुर्चीमागची उशी रोशेलच्या पाठीशी नीट सरकवली.

"बसा," तो हळूच म्हणाला. "हवा तितका वेळ."

भिंतीकडे आपल्या बाळाच्या पेटीपाशी बसलेली, रोशेलसारखीच एक काळी पोरगी मघापासून सगळं पाहत होती. तिने आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग अर्नेस्टीनकडे.

"मावशी," ती म्हणाली, "जरा आमच्याकडे पण येता?"