बंद करण्यापूर्वी

सुभाषरावांनी लॅपटॉपला जोडलेलं सगळं एकेक करून काढलं आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडलं. प्रिंटरची वायर, माउस, पेन ड्राइव्ह. मग चष्मा पुसून नाकावर चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि वहीत लिहिलं : सकाळी ११.४०. बाहेरच्या सर्व जोडण्या काढल्या.

चौतीस वर्षं त्यांनी विजेच्या सबस्टेशनांत फॉल्ट शोधण्यात घालवली होती. निवृत्तीनंतरच्या आठ वर्षांत मात्र सानपाड्याच्या या फ्लॅटमध्ये बिघडण्यासारखं काही बिघडलंच नाही. गळका नळ आणि एकदा मिक्सर, एवढंच. गेल्या महिन्यापासून लॅपटॉप नीट बंद होईनासा झाला, तेव्हा ते वरवर वैतागले खरे, पण आतून त्यांना तरतरी आली होती. संध्याकाळी बातम्या वाचून झाल्या की ते बंद करायला जात, आणि निळ्या पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसे. रीस्टार्ट केलं तरी तेच. बटण दहा सेकंद दाबून धरा, आपोआप मरतो, असं वाशीच्या एका दुकानदाराने सांगितलं होतं. तसं त्यांनी बऱ्याचदा केलं. पण आता तो सुरू होतानाही रखडू लागला होता, आणि हे काही दुरुस्तीचं लक्षण नव्हतं.

आज घर रिकामं होतं. अरुणा धाकट्या जावेबरोबर एपीएमसीच्या घाऊक बाजारात वर्षाच्या मिरच्या घ्यायला गेली होती, ती एकपर्यंत येणार नव्हती. बंगळुरूहून अभिरामचा फोन येऊन गेला होता. लॅपटॉप जुना झाला, मी नवा मागवतो, असं तो म्हणाला. सुभाषरावांनी साफ नकार दिला. मग तो हसला आणि म्हणाला, तर मग एक करा, बाबा. आज बटण दाबू नका. पडद्यावर काय येतं ते नुसतं वाचा.

वाचायचं म्हणजे काय, हे आधी त्यांच्या लक्षातच आलं नाही. बातम्यांची अक्षरं ते बोटाएवढी मोठी करून ठेवत, त्यामुळे संध्याकाळी चष्मा लागत नसे. निळ्या पडद्यावरची बारीक अक्षरं त्यांच्या लेखी नव्हतीच.

त्यांनी लॅपटॉप बंद करायची आज्ञा दिली. पडदा निळा झाला. चक्र फिरू लागलं. ते शब्दाखाली बोट धरून वाचू लागले. एक प्रोग्राम अजून चालू होता. त्यातलं काम सेव्ह झालेलं नव्हतं. तरीही बंद करायचं का, असा प्रश्न होता, आणि खाली दोन चौकटी होत्या.

सुभाषरावांची छाती धडधडू लागली. पूर्वी भर उन्हात मैलभर लाइन चालून गेल्यावर तडकलेला इन्सुलेटर दिसे, तेव्हा व्हायची तशीच.

"सापडला," ते रिकाम्या घराला म्हणाले.

कुठला तरी चोर प्रोग्राम आत शिरून बसला असणार. 'तरीही बंद करा'वर त्यांचं बोट गेलंसुद्धा. पण जुनी सवय आडवी आली. फॉल्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांनी कधी वहीत 'दुरुस्त' असं लिहिलं नव्हतं. त्यांनी दुसरी चौकट दाबली आणि तो प्रोग्राम उघडला.

काळ्या पट्टीवर हिरव्या लाटा पसरल्या होत्या. उंच, बुटक्या, मध्येच सपाट. विजेच्या मागणीचा आलेख असावा तशा. खाली आकडा होता, एकतीस मिनिटं. त्यांनी बाजूचा त्रिकोण दाबला.

"इयत्ता बारावी, अर्थशास्त्र. प्रकरण चौथे. पुरवठा विश्लेषण."

आवाज अरुणाचा होता. पण हाका मारायचा, भाजीवाल्याशी बोलायचा नव्हे. संथ, स्वच्छ, प्रत्येक शब्दाला जागा देणारा. सुभाषराव खुर्चीत मागे रेलले ते तसेच राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. किमतीबरोबर पुरवठा कसा वाढतो ते ती सांगत होती, आणि उदाहरण आलं की तिचा आवाज किंचित पुढे वाकत होता, समोर कुणी बसलेलं असावं तसा.

विसाव्या मिनिटाला पान उलटल्याचा आवाज झाला. ती थांबली. घसा खाकरला.

"मुलांनो, हे प्रकरण मी तिसऱ्यांदा वाचतेय. आधी दोनदा वाचलेलं पुसलं गेलं. मीच सेव्ह करायला विसरत असेन. हा भाग नंतर कापून टाकते."

आणि ती पुढे वाचू लागली.

सुभाषरावांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग सेव्ह कुठे करायचं ते शोधू लागले. नाव विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी एकेक अक्षर शोधून 'अरुणा प्रकरण ४' असं लिहिलं. खात्री वाटेना म्हणून तीच फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. पुन्हा उघडून पाहिली. होती.

अरुणा आली ती शिंकतच. मिरच्यांची पिशवी तिने दारात टेकवली, आणि टेबलावर उघडा लॅपटॉप पाहून तशीच उभी राहिली.

"बंद केलात?"

"नाही. सेव्ह केलंय."

मग त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. बटण, दहा सेकंद, रोजची संध्याकाळ. ती खुर्चीत बसली. पदराने नाक पुसत तिने आपली बाजू सांगितली. अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून देणारी एक संस्था होती. चाचणी म्हणून चार प्रकरणं द्यायची होती. तीन गेली होती, चौथं आज सहापर्यंत पोचायला हवं होतं. सुभाषराव दुपारी झोपले की ती वाचायला बसे, आणि त्यांची चाहूल लागली की नुसतं झाकण लावून चहाला उठे. आजचं वाचन मात्र तिने सकाळी ते फिरायला गेले तेव्हा केलं होतं.

"मला सांगायचंस तरी."

"आणि नापास झाले असते तर? तुम्ही अभिरामला सांगितलं असतंत, जावेला सांगितलं असतंत. कौतुकानंच, पण सांगितलं असतंत."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"डॉक्टरकडे जायचा विचार करत होते मी," अरुणा म्हणाली. "वाटलं, माझं डोकं चालेनासं झालंय. सेव्ह केलं की नाही, तेच आठवायचं नाही."

हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही, त्यामुळे ते त्यांना अधिक लागलं. त्यांनी वही मिटून बाजूला सारली.

"किती राहिलंय?"

"आठ पानं."

"तुझ्या आवाजामागे घूं घूं येतंय. फ्रिजचं आहे ते."

तिने मान वर केली.

"तुम्ही ऐकलंत?"

"एकतीस मिनिटं."

"कसं वाटलं?"

असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची सुभाषरावांना सवय नव्हती.

"चौतीस वर्षं पुरवठ्यात काढली," ते म्हणाले. "आज कळला."

अरुणा हसली, हसताना तिला पुन्हा शिंक आली, आणि त्या शिंकेबरोबर तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी मिरच्यांच्या नावावर खपून गेलं. ती उठली, तोंड धुऊन आली, कपाटातल्या साड्यांखालून पुस्तक काढलं.

सुभाषरावांनी मिरच्या बाल्कनीत नेऊन ठेवल्या आणि दार लावून घेतलं. फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. दोघांचे फोन गप्प केले. तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला, आणि मग स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून ते बाहेर गेले. दार हळूच ओढून घेतलं आणि बेलच्या बरोबर खाली स्टूल मांडून बसले. बाहेर उकाडा होता. बनियन पाठीला चिकटला होता. आतून आवाज सुरू झाला, पण शब्द कळत नव्हते.

लिफ्टचं दार उघडलं. समोरच्या फ्लॅटमधली मोनाली हातात किल्ल्या खुळखुळवत आली आणि त्यांना पाहून थबकली.

"काका, बाहेर अडकलात का? किल्ली आहे तुमची माझ्याकडे."

सुभाषरावांनी ओठांवर बोट ठेवलं. मग मान तिरकी करून बंद दाराकडे दाखवलं. त्यांचा चेहरा पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी असावा तसा झाला होता.

मोनालीने क्षणभर कान दिला. काय चाललंय ते तिला कळलं नाही. तरी तिने किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या, चपला हातात घेतल्या आणि आपलं दार आवाज न करता उघडलं.