बंद पडलेल्या ट्रॅक्टरची नोंद

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर होतो. आता अंगणभर पसरलेलं लोखंड आहे. तरी माझी कहाणी ऐका.

आलो तेव्हा मी लालभडक होतो. धन्याच्या वडिलांनी मला घेतलं. वीस वर्षं मी नांगरलं, ओझी ओढली. "हत्ती आहे हत्ती!" म्हणत म्हातारा माझ्या बॉनेटवर थाप मारायचा आणि मीही फुशारून जरा जास्तच धूर सोडायचो. म्हातारा गेला, पाठोपाठ माझं इंजिन जाम झालं. पुढची नऊ वर्षं माझ्या सीटखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. मला कोणी विचारत नसे आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं.

मग कमी उत्पन्नाच्या शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मदतीची फेरतपासणी निघाली. धन्याच्या दीड एकराचं बियाणं त्या मदतीतूनच यायचं. तपासनीस आला आणि माझ्या इंजिनावरच्या पट्टीवरचा नंबर त्याने उतरवून घेतला. ज्याच्या नावावर ट्रॅक्टर, त्याला मदत नाही, असा नियम होता.

"अहो साहेब, हा कधीच मेलाय! खुराडं झालंय त्याचं," मालकीण म्हणाली.

"ताई, चालतो की नाही, असा रकानाच नाही माझ्याकडे. आहे की नाही, एवढंच."

मदत बंद झाली आणि पेरणी तर तोंडावर आलेली. मालकिणीच्या डोक्यात तिडीक गेली. "या मेल्या नंबरानंच घात केला!" म्हणत तिने घण उचलला. पहिला घाव थेट त्या पट्टीवर बसला. चार घावांत पट्टीचे तुकडे होऊन मातीत उडाले. मग दिवे फुटले, बॉनेट चेपलं. धनी धावत आला.

"अगं थांब, बाबांचा आहे तो!"

"व्हा बाजूला! बाबा देणारेत का बियाणं?"

त्याने माझ्या स्टिअरिंगला मिठी मारली. घण खाली येतच होता. धन्याच्या उजव्या हाताची तीन बोटं माझ्यावरच चिरडली. मी वीस वर्षं ढेकळं फोडली, पण हाड फुटल्याचा तो आवाज मला अजून सोसत नाही. त्याचा हात बांधून आणल्यावर ती परत आली आणि रडत रडत तिने उरलेल्या मलाही फोडलं.

आठवड्याने तिने तपासनिसाला बोलावून आणलं. "बघा, आता नाही ट्रॅक्टर."

"नोंद रद्द करायची तर नंबराची पट्टी जमा करावी लागते. कुठाय ती?"

मालकीण मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागली. नखं तुटली, पट्टी काही मिळाली नाही. तपासनिसाने मोठ्याने वाचत लिहिलं, "ट्रॅक्टर आहे. जागेवर आढळला नाही. लपवला असण्याची शक्यता."

"मग हे काय आहे?" धन्याने बांधलेला हात माझ्याकडे केला.

"हे भंगार."

यंदा शेत पडीक आहे. धनी डाव्या हाताने जेवायला शिकतोय, आणि मालकीण त्याच्या ताटाकडे बघत नाही.

मित्रांनो, यंत्रांना वेळेवर तेलपाणी करा, हे तर मी सांगतोच. पण मोठेपणी असा तपासणीचा तक्ता तुमच्या हाती आला, तर लिहिण्याआधी एकदा किल्ली फिरवून बघा. माझी किल्ली दाराजवळ खिळ्याला होती. कोणी मागितलीच नाही.