तीन दगडांची चूल

अकरा माणसं आणि एक ताडपत्री. भूकंपाला बारा दिवस झाले, तरी हा डोंगर अजून अंग झटकतोच आहे. घर कोसळलं तेव्हा मी आधी माणसं मोजली, मग दगड उपसून ओदान बाहेर काढलं. तीन पायांचं लोखंड, सासूने माझ्या हाती दिलेलं. चाळीस वर्षं त्याच्यावरच भांडं चढतंय. दोन मुलगे, दोन सुना, तरी चूल एकच. आम्हा मगर जमातीच्या या वस्तीत असं दुसरं घर दाखवा मला.

मदत घेऊन आलेल्या बाई म्हणाल्या, "आमा, चूल तिथे ताडपत्री. तुमची चूल एक, तर ताडपत्री एक."

शेजारच्या बिर्खेने एका सकाळीत तीन चुली मांडल्या आणि तीन ताडपत्र्या नेल्या. मी म्हटलं, "उद्या कोंबड्यांचीही वेगळी मांड." तो नुसता हसला. त्याचं अंथरूण कोरडं होतं.

माझी धाकटी सून सुनतली सोळा दिवसांची बाळंतीण. तिची जागा ताडपत्रीच्या काठाला. काल गारा पडल्या तेव्हा ती निम्मी बाहेर होती, पोर छातीखाली. आज पोराची छाती खरखरू लागली.

"आमा, खोटीच मांडू का चूल?" सुनतलीने विचारलं.

"आणि तिच्यावर खोटं पीठ शिजवशील? मी जिवंत असेपर्यंत नाही."

थोरला दिलजंग पुटपुटला, "जिवंत कोण राहतंय ते बघू आधी." मी त्याच्याकडे असं बघितलं, की तो बकऱ्या हुडकायला निघून गेला.

पोर पुन्हा खोकलं. मी उठले, बसले, परत उठले. मग ढिगाऱ्यातून तीन दगड आणून सुनतलीसाठी वेगळे मांडले आणि माझ्याच चुलीतला निखारा चिमट्यात धरून तिकडे नेला.

दुपारी बाई आल्या. चूल खरंच पेटते का, हे त्या राखेवर हात धरून बघतात, म्हणून सुनतलीने नाचणीच्या पिठाचा खरोखरचा घट्ट ढिंडो घोटायला घेतला होता. ताडपत्री मिळाली. बांधून झाली, पोर आत कोरड्यात झोपलं.

"आता उचल ते दगड," मी म्हटलं.

ती घोटतच राहिली. "बाई परत बघायला येणार आहेत, आमा." मग मान खाली घालून म्हणाली, "आणि मला इथे बरं वाटतंय. या ना, जेवायला बसा."

माझ्याच सुनेने मला पाहुणीसारखं बोलावलं! तोंडाशी काय काय आलं होतं माझ्या. तेवढ्यात जमीन हादरली. एक दगड सरकला, भांडं कललं, आणि रटरटता ढिंडो पोराच्या अंथरुणापासून वीतभरावर सांडला. सुनतलीने पोर उचललं आणि सगळेच उघड्यावर पळालो.

हादरा थांबल्यावर मी माझ्या चुलीवरचं भांडं उतरवलं, तापलेलं ओदान फडक्यात धरलं आणि तिच्या चुलीत नेऊन रोवलं.

"दगडांवर भांडं ठरत नाही. पोर भाजेल."

"आणि तुम्ही, आमा?"

"माझं मी बघीन. तू गुठळ्या मोडायला शिक आधी. ढिंडो आहे हा, की आपलं पडलेलं घर?"

तिचे दगड मी एकेक करून माझ्या जागी नेले. अजून चटके देत होते.