पोटाखालचा बर्फ

हसू नका, पण मी बर्फावरची गाडी आहे आणि बहरीनमधून बोलतेय. चाकं नाहीत मला. पुढे दोन सपाट पाय, मागे रुंद रबरी पट्टा. स्नोमोबिल म्हणतात.

माझा जन्म थंड मुलखातला. इथल्या सीफ भागातल्या एका मॉलने आत बर्फाचा हॉल काढायचं ठरवलं आणि पोरांच्या घसरगाड्या ओढायला मला जुनीच विकत घेतली. कंटेनरमधून उतरले ती मीना सलमान बंदराजवळ, मुख्तारभाईंच्या वर्कशॉपमध्ये. बाहेर अशी धग, की लोखंडाला हात लावला तर फोड यावा.

संतोष तिथला मेकॅनिक, दापोलीकडचा. मुख्तारभाई त्याला म्हणाले, "ही चालू करून दे. हॉलवाले तुला कायमचा ठेवतील, फॅमिली व्हिसासकट."

त्याची बायको मालू आणि लहानगी चिमी तेव्हा व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. तो संपत आला होता. मी चालले तर त्या राहणार, नाहीतर परत गावी.

संतोषने प्लग बदलले, बेल्ट बदलला, कूलंट भरलं. मी सुरू व्हायचे, जरा वेळाने तापायचे, लाल दिवा लागायचा की बंद. "हिचा पंखा कुठाय?" म्हणून त्याने माझं तोंड सगळं उघडून ठेवलं. असेल तर सापडेल ना. पळताना पट्ट्याने उडालेला बर्फ पोटाला लागतो, त्यानेच मी गार होते. पण हे सांगू कशी?

शुक्रवारी मालू डबा घेऊन आली. कडेवर चिमी, अंगात ताप. या बाईचा जीव सदा टांगलेला. लेकीच्या कपाळावरची ओली घडी बदलत तिने विचारलं, "झाली का ओ?"

"होतेय."

"परवापण होतेयच म्हणालात."

"मग तू कर."

ती खरंच वाकली. पट्ट्याच्या वर हात घातला नि झटकन ओढला. "ही पोटाखाली तापते. हितं ठेवा की घडी."

संतोष हसला. मग हसायचा थांबला.

मासळीबाजारातून बर्फाच्या गोणी आल्या. मला स्टँडवर चढवून पट्टा फिरवला, त्यावर बर्फ टाकत राहिले. लाल दिवा लागला नाही. मुख्तारभाई म्हणाले, "वहिनी, उद्यापासून कामावर या. याला घरी बसवा." मालू तोंडाला पदर लावून हसली.

हॉल मात्र उघडलाच नाही. एवढी थंडी बनवणं मालकांना परवडेना. "खलास, संतोष," मुख्तारभाई खाली बघत म्हणाले.

मालू रडली नाही. बॅगा भरल्या. जाताना चिमीच्या कपाळावरचा फडका माझ्या हँडलवर वाळत होता, तो राहिला.

आता मी कोपऱ्यात ताडपत्रीखाली असते. इंजिन पडून राहिलं की जाम होतं, म्हणून संतोष दर शुक्रवारी मला सुरू करतो आणि फोन समोर धरतो. "बाबा, गाडी," चिमी म्हणते. मालू विचारते, "जेवलात?" तो हो म्हणतो. डबा तसाच असतो.

मी तापायच्या आत तो मला बंद करतो. फडका ओला करून पोटाखाली ठेवतो. एवढ्याने काही गार होत नाही. त्यालाही माहीत आहे.

हल्ली गिऱ्हाइकं येतात, सुटे भाग बघून जातात. न्या. मला आता काही वाटत नाही. फक्त शुक्रवारी येऊ नका.