न वाजलेल्या टेलिफोनची शिकवणी

मित्रांनो, मी एक जुना, लाल रंगाचा टेलिफोन आहे आणि आयुष्यात एकदाही वाजलेलो नाही. याचं दुःख होतं का, असं विचाराल तर मला आठवून सांगावं लागेल.

उज्जैनच्या एका पंख्यांच्या कंपनीने मला विकत घेतलं. देशाची दारं परदेशी कंपन्यांना तेव्हा नुकतीच उघडली होती. त्यातून कंपनीला एक परदेशी भागीदार मिळाला आणि त्याने आल्या आल्या विचारलं, तुम्ही समाजासाठी काय करता? कंपनी समाजाला पंखे विकत होती, पण हे उत्तर चाललं नाही. मग मॅनेजर श्रीनाथसाहेबांनी निर्वासित शोधायला माणूस पाठवला. ते जवळच सापडले. सिंहस्थाच्या स्नानाला सिंधमधून आलेली काही कुटुंबं क्षिप्रेत बुडी मारून परत गेलीच नव्हती. एका धर्मशाळेत दिवस काढत होती.

त्यांच्यासाठी टॉवर चौकामागे, कंपनीच्या गोदामावरच्या खोलीत वर्ग निघाला. हिंदी लिहायला-वाचायला, नोकरीपुरतं इंग्रजी आणि फोनवर कसं बोलावं, हे शिकायचं. फोन म्हणजे मी. उद्घाटनाला मला हार घातला, कुंकू लावलं. त्याचा डाग माझ्या डायलवर अजून आहे. लाइनीसाठी अर्ज केलेला होता. तोही अजून आहे.

शिकवायला विजयाताई होत्या. त्यांचे यजमान बँकेत. उच्चारांच्या बाबतीत त्या फार कडक. एकेकाने यायचं, माझा रिसीव्हर उचलायचा आणि म्हणायचं, ‘गुड मॉर्निंग. हाउ मे आय हेल्प यू? सॉरी, साहेब इज इन अ मीटिंग. थँक यू फॉर कॉलिंग.’ मग रिसीव्हर ठेवायचा. वर्ग टाळ्या वाजवायचा. मध्ये कोणी अडखळलं तर ताई म्हणायच्या, “रुको मत, भैया. थांबलात की गेलं.”

सगळ्यांत छान मीरा म्हणायची. तिच्या गावात टेलिफोन एकच होता, तोही जमीनदाराच्या घरात. तिने पहिला रिसीव्हर उचलला तो माझा. कंपनीत रिसेप्शनिस्टची जागा निघाली होती आणि धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने दिवाळीपर्यंत खोली सोडायला सांगितलं होतं. सासू, नवरा, दोन मुली. नवऱ्याला अजून काम नव्हतं. नोकरी मिळाली तर गावातच, नानाखेडा भागात खोली बघायची, नाही तर बघायचं काही नव्हतं. मीरा कणीक मळतानाही ती चार वाक्यं म्हणते, असं तिची सासू शेजारणींना अभिमानाने सांगायची.

परीक्षेच्या दिवशी मीराला रिसेप्शनवर बसवलं आणि श्रीनाथसाहेबांनी आपल्या केबिनमधून तिला फोन लावला. मीराने रिसीव्हर उचलला, चारही वाक्यं न अडखळता म्हटली आणि खाली ठेवला. साहेबांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही साहेबांना साहेब मीटिंगमध्ये असल्याचं कळवण्यात आलं. उच्चार निर्दोष होते.

संध्याकाळी ती वर्गात आली. खुर्चीवर बसली नाही. माझ्याकडे बघत विजयाताईंना म्हणाली, “मॅडम, आपने बताया नहीं था कि उधर से भी कोई बोलता है.”

विजयाताईंनी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी त्या साहेबांना भेटायला गेल्या, पण जागा भरली होती.

परत येऊन ताईंनी आपली खुर्ची उचलली आणि माझ्या पलीकडे, भिंतीकडे तोंड करून मांडली. कानाला नुसताच हात लावून म्हणाल्या, “हॅलो, मैं देवास से बोल रही हूँ. साहब हैं क्या?”

मीराने रिसीव्हर धरला आणि पाठ केलेलं सुरू केलं.

“थांब,” ताई म्हणाल्या. “मी अजून बोलतेय ना, बाई.”

वर्ग दिवाळीआधीच बंद झाला. भागीदाराला अहवाल गेला. त्यात मीराचा आणि माझा फोटो आहे म्हणतात, आत्मविश्वासाने बोलताना. धर्मशाळेची खोली सुटली. ताईंच्या ओळखीने नानाखेड्याच्या बसस्टँडजवळच्या एका एसटीडी बूथवर मीराला काम मिळालं. पगार कंपनीच्या निम्मा, पण बूथच्या मागे एक खोली होती. त्यात पाच जण मावले, म्हणजे मावावं लागलं. मी भंगारात जाण्याआधी ताईंनी मला मागून घेतलं आणि मीराला दिलं.

आता मी बूथच्या काउंटरवर असतो. आयुष्यात पहिल्यांदाच फोन करायला आलेलं कोणी घाबरलं, तर मीरा आधी माझा रिसीव्हर त्याच्या हातात देते आणि स्वतः पलीकडे बसते. तो बोलतो. ती उत्तर देते. मगच खरा नंबर फिरवते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. धुळीचं मला काही वाटत नाही. पण कोणाला बोलायला शिकवाल, तेव्हा दोन वाक्यांच्या मध्ये थांबायलाही शिकवा. आणि तेवढा वेळ पलीकडे कोणीतरी बसा.