नाव माझं

सरांनी बटण दाबलं तशी ठकीने दोन्ही ओठ आत घेऊन दातांखाली धरले. वर्गातला पंखा बंद होता, कारण तो सुरात फिरत नाही असं सरांचं म्हणणं होतं. कपाटावरच्या स्पीकरमधून आधी नुसती खरखर आली, मग एकदम ठेका, आणि मागोमाग एका बाईचा हसरा, भरलेला आवाज.

संगीताच्या सरांची एक रीत होती. गाणं संपलं की ते राग विचारत नसत, ताल विचारत नसत. पोर खेळताना पडली की आई जसं विचारते तसं विचारत, "कुठं लागलं?" मग ज्याला जिथं लागलं असेल ते त्याने सांगायचं.

"पायांत, सर," पुढच्या बाकावरचा म्हणाला. "आपोआप हलायला लागले."

"मला पाठीत. शहारा आला."

"सर, मला पोटात," मागून एक बारीक आवाज आला. "पण ते डबा विसरलो म्हणूनही असेल."

सरही हसले. "भुकेल्या माणसाला सूर लवकर लागतो. आणि आमच्या मौनीबाबांना कुठं लागलं?"

सगळ्या माना ठकीकडे वळल्या. तिने नुसती मान हलवली. हे मौनीबाबा नाव वर्गाने अलीकडेच दिलेलं. घरी ती ठकी, कारण लहानपणी जिथं बसवावी तिथं लाकडी बाहुलीसारखी डोळे मोठे करून बसून राहायची. पण ती ठकी गाण्याच्या तासाला याआधी कधी गप्प बसलेली नव्हती. उलट इतकं बोलायची, इतकं गायची की सर म्हणायचे, जरा दुसऱ्यांनाही श्वास घेऊ दे.

लागलं नव्हतं असं नाही. त्या बाईने शेवटची लांब ओळ एका दमात ओढली होती आणि अगदी टोकाला तिचा आवाज दोऱ्याच्या टोकासारखा उसवला होता. इतर कुणाच्या ते ध्यानातही आलं नसेल. ठकीचा हात आपसूक गळ्याशी गेला होता, तो तिने खाली आणून मांडीवर ठेवला.

आईच्या घशात गाठ होती. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून बाबांना समजावलं होतं की स्वरयंत्रच काढावं लागेल. पुढे बोलता यायचं नाही, पण त्या राहतील. बाबा त्या 'राहतील'ला धरून बसले होते. ठकीने मात्र देवाशी वेगळं बोलणं केलं होतं. गाण्याचा तास तिला सगळ्यात जवळचा, तर त्या तासाला ती तोंडातून अक्षर काढणार नाही, आणि त्या बदल्यात त्याने आईचा आवाज राहू द्यायचा. देव हो म्हणाला नव्हता. नाहीही म्हणाला नव्हता. त्याचं हे असंच असतं हे तिला माहीत होतं, म्हणून आपल्या बाजूने ती नेम चुकू देत नव्हती.

"चला, आता एक जुनं ऐकू या," सर म्हणाले.

या वेळी ठेका नव्हता. नुसती चाल, एका वाद्यावर, सावकाश. दोन सूर झाले आणि ठकी ताठ बसली. ही चाल तिच्या कानांना नाही, डोक्याला ओळखीची होती. या चालीवर आई तिचे केस विंचरायची. ताप आला की या चालीवर कपाळावरची पट्टी बदलायची. हे गाणं बाहेर कुठं असतं, दुसरीही माणसं ते गातात, हे तिच्या कधी मनात आलेलं नव्हतं. आईच्या पदराचा वास दुकानात विकत मिळावा तसं तिला झालं.

मग एक जाड पुरुषी आवाज आला.

पाणी काळे, दूर किनारा,
नाव माझी सांभाळ, सांभाळ...

"माझं," ठकी म्हणाली.

सरांनी गाणं थांबवलं. "काय म्हणालीस?"

आता सुटलंच होतं. "सर, चुकलंय ते. 'नाव माझं' असं आहे."

वर्ग खदखदला. शेजारच्या मैत्रिणीने तिच्या दंडाला चिमटा काढला. "होडी गं, होडी. नाव म्हणजे होडी."

"नावाड्याचं गाणं आहे, बाळ," सर म्हणाले. ते हसले नव्हते. "वादळात सापडलाय तो. देवाला म्हणतोय, माझी होडी सांभाळ. तुला 'माझं' असं कुणी शिकवलं?"

ठकीने पुन्हा ओठ आत घेतले, पण त्याचा आता उपयोग नव्हता. नेम एका शब्दानेही मोडतोच.

"बरं, शिकवणाऱ्याचं राहू दे. लागलं कुठं, तेवढं सांग."

तिने मान हलवली. सरांनी गाणं पुढे सुरू केलं. तो माणूस आणखी तीनदा 'माझी' म्हणाला.

*

शाळा सुटल्यावर ठकी नेहमीसारखी बसस्थानकात गेली. तिथल्या काचेच्या खोलीत बसून आई गाड्या पुकारायची. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येतेय, कुणाचं पोर हरवलंय. तिथं सगळे आईला ताई म्हणत. ताईंनी एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा विचारायला लागत नाही, असं चहावालासुद्धा म्हणायचा. आईला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. माईकसमोर तिने कधी कुठला काना सोडला नव्हता की कुठली मात्रा.

आता माईकसमोर एक नवी मुलगी बसायची आणि आई बाजूच्या स्टुलावर.

"'सुटनार' नाही. 'सुटणार'," आई सांगत होती. तिचा आवाज फरशीवरून पत्रा ओढावा तसा यायचा. "ण म्हणताना जीभ वर वळव. घाई करू नकोस. समोरचा माणूस बोजे घेऊन उभा असतो, त्याला धीर वाटला पाहिजे."

"ताई, तुम्ही परत याल ना?" नव्या मुलीने विचारलं.

"येईन की. तू चुकलीस की काचेवर टकटक करायला."

दोघी मायलेकी घराकडे निघाल्या. दुपारभर ठकीच्या मनात एक गोष्ट डाचत होती. लहानपणी तिने एकदा विचारलं होतं, आई, तू म्हणतेस नाव माझं सांभाळ, तर ते मी कुठं सांभाळू? आई केस विंचरता विंचरता म्हणाली होती, कुठंही ठेव, बाई. फक्त नावं ठेवू नकोस. तेव्हा तिला यातला विनोद कळला नव्हता, पण नाव मात्र तिने ठेवून घेतलं होतं. आता सर म्हणतात, ती होडी आहे. आईने म्हणावं, तुझ्या सरांना काय कळतंय. एवढंच तिला हवं होतं.

"आई, आपलं गाणं आहे ना, ते आज सरांनी लावलं होतं. त्यात 'माझी' आहे."

"काय माझी?"

"नाव माझी. नाव म्हणजे होडी. तू 'माझं' म्हणतेस."

आई भर रस्त्यात थांबली. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवत वळसा घालून गेला.

"होडी?" ती म्हणाली. मग तिने मनातल्या मनात पहिली ओळ म्हणून पाहिली असावी. "अगं बाई. तरीच पाणी आणि किनारा. मला वाटायचं, नावाला पाणी कशाला लागतंय." ती हसायला लागली आणि हसू खोकल्यात गेलं. खोकला थांबल्यावर तिने डोळे पुसले. "ठेवलीस ना शेवटी नावं आईला?"

"मला 'माझं'च आवडतं."

"आवडीनिवडीचा प्रश्न नाही, ठके. चूक ती चूक. जगाला शिकवत फिरले आणि घरात पोरीला चुकीचं पाजलं."

ती थट्टेत बोलत होती. पण घर येईपर्यंत तिचे ओठ हलत होते, आणि घराच्या पायऱ्या चढताना ठकीला ऐकू आलं. माझी, माझी. नव्या मुलीकडून ण घोकून घ्यावा तसं आई स्वतःकडून घोकून घेत होती.

*

संध्याकाळी बाबा कामावरून आले आणि हात न धुताच त्यांनी फोन काढला. दवाखान्यात कुणीतरी त्यांना आवाज टिपून ठेवायला सांगितलं होतं.

"काहीतरी बोल," ते आईला म्हणाले. "भरून ठेवू."

"काय बोलू?"

"काहीही. इतकी वर्षं मला बोलतेसच की."

आईने ओट्याला टेकून घसा साफ केला, साडी सारखी केली, जणू फोनला ती दिसणार होती. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. स्वयंपाकघरात जेवण लागलेले आहे. ठकी नावाची गाडी नेहमीप्रमाणे उशिराने धावत आहे. हात न धुतलेल्या प्रवाशांना प्रवेश मिळणार नाही."

बाबा हसले. हसताना त्यांनी तोंड फिरवलं आणि बराच वेळ इकडे वळवलं नाही.

"आता गाणं," ठकी म्हणाली.

"हळू म्हण," बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले. "ताण देऊ नकोस."

आईने सुरुवात केली. पाणी काळे, दूर किनारा, इथपर्यंत फाटक्या आवाजात का होईना, चाल नीट आली. 'नाव' म्हणून ती थांबली. जीभ जुन्या वाटेला निघाली होती, तिला तिने मागे ओढलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा त्याच जागी अडली.

"थांब. तोंडात जुनंच बसलंय."

"जुनंच म्हण ना."

"चुकीचं कशाला जपून ठेवायचं? नीट बसू दे. बसलं की म्हणते."

"आई, तसंच म्हण. मला तसंच पाहिजे."

"अगं, म्हणते म्हटलं ना. मी कुठं पळून चाललेय?"

ठकीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी फोन खिशात ठेवला. आईला जे नको असेल ते तिच्याकडून करून घेणं या घरात कुणाला जमलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईचा आवाज आणखी बसला. त्यानंतर ती खुणा करायला लागली, घसा जपायला हवा म्हणून. आणि मग ऑपरेशनचा दिवस आलाच. फोनमध्ये तेवढी गाडी उशिराने धावत राहिली.

*

ऑपरेशननंतरच्या गाण्याच्या तासाला सरांनी काय लावलं ते ठकीच्या लक्षात राहिलं नाही. तिला आता बोलायला हरकत नव्हती. देवाशी केलेलं बोलणं संपलं होतं. ते आपल्यामुळे मोडलं की तिकडून आधीच ठरलं होतं, हे विचारायला कुणी नव्हतं.

"तुला कुठं लागलं?" सरांनी विचारलं. मौनीबाबा म्हणाले नाहीत.

"पोटात, सर," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. तिला वाटलं होतं, हसतील.

शाळेतून ठकी दवाखान्यात गेली तेव्हा आई खाटेवर उशीला टेकून बसली होती. गळ्याशी पांढरं बांधलेलं, त्यातून एक नळी, आणि श्वास तिथूनच यायचा, बारीक शीळ घातल्यासारखा. उशाशी लिहायला पाटी ठेवलेली होती. आईने तिला हात लावलेला दिसत नव्हता. ठकीला पाहून तिने खाटेच्या कडेवर थोपटलं, तिच्या दप्तराचे बंद खांद्यावरून उतरवले आणि स्वतःच्या पिशवीतून कंगवा काढला.

"अगं, दमशील," दारातून बाबा म्हणाले.

आईने हाताने त्यांना उडवून लावलं.

ठकी पाठ करून बसली. कंगवा केसांतून फिरू लागला. पहिल्यांदा तिला काही कळलं नाही. मग कळलं की तो उगाच फिरत नाही. दोनदा लांब, एकदा आखूड, मग जरा थांबून पुन्हा लांब. डोक्याला ओळख पटली आणि ती गर्रकन मागे वळली.

आईचे ओठ हलत होते. आवाजाचा पत्ता नव्हता, पण ओठ अगदी स्वच्छ हलत होते, माईकसमोर हलायचे तसे. पाणी. काळे. किनाऱ्याच्या 'रा'ला तोंड उघडलं. मग 'नाव', आणि त्यातल्या 'व'ला खालचा ओठ दातांना टेकला.

'माझं' म्हणताना तोंड किंचित उघडं राहतं, 'माझी' म्हणताना ओठ ताणले जातात. ठकीने आरशासमोर उभं राहून ते पाहून ठेवलं होतं. ती त्या उघड्या ओठांची वाट पाहत राहिली. काळ्या पाण्यात बुडणाऱ्याने काठाकडे पाहावं तशी पाहत राहिली.

आईचे ओठ 'म'ला मिटले, 'मा'ला उघडले, आणि मग सावकाश, जराही न चुकता, दोन्ही बाजूंना ताणले गेले.

"बघ," बाबा दारातून म्हणाले. "हसली आई."

आईने भुवया उंचावून ठकीकडे पाहिलं. नवी मुलगी सलग घोषणा करून शेजारच्या ताईंकडे पाहायची, तसं.

"बरोबर," ठकी म्हणाली. "आता अगदी बरोबर."

आईने समाधानाने मान डोलावली. हनुवटीला एक बोट लावून तिने ठकीचं तोंड पुन्हा पलीकडे वळवलं. केस विंचरून घ्यायचे तर पाठ करावी लागे, आणि पाठ केली की गाणं दिसत नसे. ठकी भिंतीकडे बघत बसली. कंगवा पुन्हा पहिल्यापासून निघाला, 'नाव'पाशी येऊन क्षणभर थांबला, आणि पुढे गेला.