चकाकतं बेअरिंग

बेअरिंगची अर्धी वाटी चकाकत होती. गफूरने ती उजेडात तिरकी धरली, आतून अंगठा फिरवला — काचेसारखी गुळगुळीत. तीन दिवस... शाफ्टला निळा रंग लावायचा, वाटी त्यावर फिरवायची, रंग उमटेल तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं, पुन्हा रंग, पुन्हा वाटी — आणि ज्या बारीक खुणांत तेल थांबणार होतं, त्या कुणीतरी पॉलिश पेपरने पुसून टाकल्या होत्या.

"मीच घासलं, अब्बा," लेथवरून अरहम म्हणाला. "लई खरबरीत दिसत व्हतं. गिऱ्हाईक येणार, म्हटलं जरा चमकू दे."

चमकू दे! बत्तीस वर्षांचा बाप्या, आणि इंजिनाला नवरीसारखं नटवतो.

कुंडलिक तेवढ्यात दारात आलाच. निरगुडसरचं गुऱ्हाळ त्याचं. आजोबांच्या वेळचं हे ऑइल इंजिन आळेफाट्यावरच्या सगळ्या गॅरेजांनी भंगारात काढलेलं, फक्त गफूरने हो म्हटलेलं.

"गफूरभाऊ, चकाचक केलंय की राव! भरू का टेम्पोत?"

"भरा, आन् सरळ भंगारवाल्याकडं न्या."

"आं? सकाळी सकाळी मिरची चावली काय?"

"तासाभरात जाम व्हईल ते. शुक्रवारी या."

"उद्या मंगळवारी गुऱ्हाळ पेटवायचंय, भाऊ. तुमाला जमत नसंल तर तसं सांगा," म्हणून कुंडलिक रिकामा टेम्पो घेऊन गेला.

जमत नसेल तर — हे ऐकायचं राहिलं होतं. गफूरने वाटी टेबलावर आपटली. "एवढी अक्कल नाही तुला? खुणा कशाला असतात?"

"मला कधी सांगितलं तुमी?" अरहमचाही आवाज चढला. "स्क्रेपर हातात घेतला की मला पिटाळता. जा, बोल्ट आण. जा, डिझेल आण. मी बघितलंय कधी?"

खोटं नव्हतं, गफूरच्या मनात आलं. जुन्नरला उस्तादही शेवटचा हात मारताना मला पान आणायला धाडायचे, आणि मी पत्र्याच्या फटीतून बघून शिकलो. हात दाखवला की रोटी गेली, ते म्हणायचे. मीही तेच केलं — पण कुणापासून लपवलं? आळेफाट्यावर आता हे चोरायला तरी कोण येणार होतं? एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात धुकं. अजून किती वर्षं...

त्याने स्क्रेपर अरहमपुढे धरला. रंग लावून वाटी फिरवली. निळे ठिपके उमटले.

"घे. हितं."

"किती दाबू?"

गफूरने तोंड उघडलं. चाळीस वर्षं रोज केलेली गोष्ट. मनगट जाणत होतं, खांदा जाणत होता. "हलकं," तो म्हणाला. मग, "एवढं हलकं नाय."

"मग किती, अब्बा?"

त्याने अरहमच्या हातावर हात ठेवून दाबलं. पातं सरकलं, जास्तच खोल गेलं. त्या दोन हातांपैकी कोणाचा जोर चुकला, हे त्याला कळलं नाही. राग होताच, छातीत तसाच तापलेला. फक्त ओरडायला शब्द शोधू लागला, तर तेही सापडेनात — आणि अरहम, मान खाली घालून, अजून उत्तराची वाट बघत होता.